नवव्या रकान्यातलं नाव

यावलच्या द्वारकाबाई परदेशात बाविस्करांच्या खानावळीत मांडे करायला गेल्या, पण तिथल्या सरकारी कचेरीतल्या साहेबाने कामाचा परवाना दोनदा नाकारला. त्या देशाचा नियम असा, की जे काम तिथल्या माणसाला जमतं, त्यासाठी परक्याला परवाना नाही. परतीच्या विमानाला चार दिवस उरले, तेव्हा बाविस्करांना दुभाषी म्हणून घेऊन त्या पुन्हा साहेबापुढे बसल्या.

त्यांनी मोबाइलवर आपलं काम दाखवलं. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत पसरायचा आणि चुलीवरच्या उलट्या खापरावर टाकायचा.

साहेब हसला. "यात काय एवढं? आमच्याकडे हे कुणालाही जमेल. अगदी मलासुद्धा."

बाविस्करांचा चेहरा उतरला. द्वारकाबाईंनी मात्र अर्ज पुढे सरकवून नवव्या रकान्यावर बोट ठेवलं. परवाना नाकारायचा असेल, तर ते काम करू शकणाऱ्या स्थानिक माणसाचं नाव साहेबाने तिथे लिहायचं होतं. दोन्ही वेळा त्याने तो कोराच सोडला होता.

"तुमचंच नाव लिहा, साहेब," त्या म्हणाल्या. "मी सुखाने घरी जाते. फक्त रविवारी पहाटे पाचला खानावळीत या, लग्नाचे तीनशे मांडे करायचेत. आणि हातावरचे केस काढून या, पुरणात यायला नकोत."

बाविस्करांनी शब्द न शब्द सांगितला. साहेबाने आपल्या केसाळ हातांकडे पाहिलं, बाह्या खाली ओढून बटणं लावली आणि परवान्याचा शिक्का उचलला.