उंबऱ्याशी थांबलेली खाडी

फार फार वर्षांमागे, कांदळपाड्यात कोळ्यांची मोजकीच घरं होती, तेव्हा तिथे पदमीबाय राहायची. पाकट माशाचा काटा अंगात घुसला की आपणहून निघत नाही, मांस कापूनच काढावा लागतो. तो पदमीबाय काढायची. तिचा हात इतका हलका, की कापलेलं कळायचंही नाही, असं म्हणतात.

पण तिची सख्खी बहीण तिच्याच हातून गेली. काटा निघाला, पाय मात्र सुजून काळा पडला. बहिणीला शेवटची आंघोळ घालताना पदमीबायला जखमेभोवती खाडीचा चिखल दिसला, कातडीत मुरलेला. त्या दिवसापासून धुतल्याशिवाय तिने कुणाच्या अंगाला पातं लावलं नाही.

मग एकदा, मोठ्या उधाणाच्या दिवशी, गोमाबाय आपल्या लेकाला, राघ्याला, फळीवर घालून घेऊन आली. काटा मांडीत रुतलेला, पोर पांढरंफटक पडलेलं. भरतीचं पाणी दाराकडे चढत होतं. पदमीबायने कडुनिंबाचा पाला घालून चुलीवर पाणी ठेवलं.

"बेगीन काप गो बाय, माझा पोर जातंय," गोमाबाय म्हणाली.

"काटा बाहेर काढायचाय, गोमे. चिखल आत नाही ढकलायचा."

"बहीण मारलीस तसा माझा लेक मारशील."

पदमीबायने चुलीत आणखी एक लाकूड सारलं. पाणी उकळलं, कोमट झालं. तिने आधी आपले हात धुतले. मग रिठ्याच्या फेसाने मांडी धुतली, आणि जखमेपासून बाहेर बाहेर पुसत गेली, दर वेळी नवं फडकं घेऊन. तोवर सगळ्या पाड्यात पाणी शिरलं होतं. तिच्या उंबऱ्याशी मात्र खाडी थांबली. चूल खाडीने विझू दिली नाही, असं म्हणतात. काटा निघाला, जखम बांधून झाली, तेव्हा कुठे पाणी आत आलं आणि दोघींच्या पायांवरून फिरलं.

राघ्या वाचला. पुढे पदमीबायच्या घरचं पाणी गोमाबायच भरायची. पदमीबाय कधी वारली, कुणी सांगत नाही. ओहोटीबरोबर चालत गेली, असं म्हणतात.

आता कांदळपाड्याची माणसं ऑपरेशनला तालुक्याच्या दवाखान्यात जातात. पण निघायच्या सकाळी घरातली वडीलधारी बाई पेशंटला पाटावर बसवते, साबणाने डोक्यापासून पायापर्यंत धुते, स्वच्छ धुतलेले कपडे देते. शेवटचा तांब्या ओतताना कुणी बोलत नाही. तीच तेवढं हळूच म्हणते, "पदमीबायचं पाणी." मगच रिक्षा निघते.