ओठावर न येणारा शब्द

फार जुना काळ. साल मात्र पक्के सांगता येते. ज्या राजाने आपले नाणे पातळ केले, त्याच्या गादीचे एकविसावे वर्ष. तिथी माघ शुद्ध द्वितीया. थंडी अशी, की सकाळी दगडाला हात लावला तर हात बधिर व्हावा.

त्या राज्यात डोंगराच्या कुशीत पाथरवटांचे एक गाव होते. जमीन थोडी, दगड उदंड. पुरुष दूर बंदरावर धक्का बांधायला जात आणि दहा-बारा महिने परतत नसत. बायका मागे राहून जाती घडवीत. टाकीचा आवाज थांबला, तर गावात कुणी मेले असे समजावे.

बंदरावरची मजुरी घरी पोचणे, हे गावाचे जुने दुखणे. पैसे आणणारा सांडणीस्वार चौथा हिस्सा कापून घेई. उरलेल्यातले निम्मे घाटात चोर घेत. इतके होऊन जे नाणे हातात येई, ते राजाने दर वर्षी झिजवून झिजवून असे पातळ केलेले, की बायका एकमेकींना म्हणत, "फुंकू नको गं, उडेल."

मग एका वर्षी हिरव्या मुंडाशाचा एक परदेशी आला. त्याच्या गाडीत पिंजरे होते. त्याने शंभर गावांना शंभर बोलके रावे दिले. एक रावा पाथरवटांच्या चावडीच्या तुळईवर येऊन बसला.

"हा रावा राजाचा नाही आणि सावकाराचाही नाही," परदेशी म्हणाला. "कुणाकडे किती बोल, ते शंभरच्या शंभर राव्यांना पाठ. एक खोटं बोलला, तर नव्व्याण्णव ओरडतील. तुमचा माणूस बंदरावरच्या राव्याला सांगेल, माझ्या बायकोला दोन बोल दे. रोज संध्याकाळी रावे शिवेवर भेटतात, एकमेकांना सांगतात. चार दिवसांत निरोप तुमच्या तुळईवर. हिस्सा नाही, घाट नाही, चोर नाही."

बोल म्हणजे राव्यांचे नाणे. ते हातात येत नसे, डोळ्यांना दिसत नसे. पण बाजारातला वाणी बोल घेऊन धान्य देई आणि सोनार एका बोलाला तोळाभर चांदी देई. म्हणून लोक बोल खरा मानू लागले.

"आणि माझे बोल दुसरीनंच मागितले तर?" एकीने विचारले.

"प्रत्येकीनं आपला एक शब्द धरायचा. आपलं नाव सांगायचं, मग कानात शब्द सांगायचा. शब्द जुळला तरच रावा देईल. शब्द असा धरा, की काही झालं तरी चारचौघांत तो तुमच्या तोंडून निघता कामा नये."

बायका विचारात पडल्या. थोड्या वेळाने एकेकीच्या ओठावर हसू आले. प्रत्येकीला शब्द सापडला होता. बत्तीस जणी ओळीने राव्याच्या कानाशी लागल्या. कुणी कुणाला आपला शब्द विचारला नाही, कुणी सांगितला नाही.

त्या बत्तीस जणींत येसू होती. येसूचा नवरा रायाजी मागच्या वैशाखात बंदरावर गेला होता. जाताना टाक्या, हातोडे आणि वाटखर्च यांना पैसे नव्हते. तेव्हा शेजारच्या कोंडाआजीने आपल्या हातातले चांदीचे गोठ काढून दिले होते. वीस तोळ्यांचे गोठ.

"नातीच्या लग्नाला लागतील," कोंडाआजी म्हणाली होती. "लग्न पुढच्या अक्षय्य तृतीयेचं. वीस तोळे चांदी पुढ्यात नसेल, तर वरपक्षाची माणसं मांडवातून उठतील. त्यांनी आधीच बजावलं आहे."

"वीस तोळे चांदी तुमच्या ओटीत टाकीन, आजी."

"टाकशील. म्हणून तर दिले."

रायाजी दर महिन्याला दोन बोल पाठवी. नऊ महिन्यांत अठरा झाले. मधे कितीदा तरी येसूच्या मनात आले, की निदान दहा तोळे घेऊन ठेवावे. पण अर्धी चांदी नेऊन देणे तिला कमीपणाचे वाटे. पुरी वीस तोळे एकदम नेऊन द्यायची, असे तिने ठरवले होते.

संक्रांतीच्या सुमारास बांगड्यांची पेटी पाठीवर घेऊन एक फेरीवाला आला. माणूस लाघवी. चावडीसमोर पेटी उघडून बसला आणि म्हणाला, "कारभाऱ्यांच्या नावानं हात भरणारीला एक बांगडी वरून. नाव घ्या, बांगडी घ्या."

"अगं बाई! नाव कसं घ्यायचं?" बायकांनी पदर तोंडाशी नेले.

येसूच्या शेजारी सटवा बसली होती. सटवा फटकळ. तिचा नवरा तिला टाकून सात वर्षांपूर्वी निघून गेला होता.

"हिला लाज वाटते, तर मी सांगते," सटवा म्हणाली. "हिच्या नवऱ्याचं नाव रायाजी. दे हिला बांगडी."

"आणि तुमच्या धन्याचं?"

"त्याचं नाव मी थुंकतानाही घेणार नाही. येसू, तू सांग."

"मानाजी," येसू हसत म्हणाली.

मग काय विचारता! हिच्या नवऱ्याचे नाव तिने सांगावे, तिच्या नवऱ्याचे हिने. एकीला सुचेना, तर चौघी मिळून ओरडत. फेरीवालाही पट्टीचा. प्रत्येक नाव दोनदा वदवून घेई. "वा! कसलं भारदस्त नाव! आणि वहिनी, तुमचं नाव काय म्हणालात?"

दुपारपर्यंत बत्तीस जणींचे हात भरले. फेरीवाल्याने पेटी उचलली, राव्याकडे बघून मान डोलावली आणि वाटेला लागला.

आता माघ शुद्ध द्वितीया. रायाजीचे या महिन्याचे दोन बोल एव्हाना पोचले असणार होते. येसू उजाडताच चावडीवर गेली. सोमवारच्या बाजारात सोनाराकडून चांदी घ्यायची, आणि तशीच ती कोंडाआजीच्या दारी न्यायची. तिने आपले नाव सांगितले, कानात शब्द सांगितला.

"काही नाही," रावा म्हणाला.

येसूला वाटले, थंडीने आपले ओठ नीट हलले नाहीत. तिने पुन्हा सांगितले.

"काही नाही."

"वीस असायला हवेत."

"वीस होते. परवा सातव्या गावात तुझं नाव आणि तुझा शब्द आला. वीसही दिले."

"परवा? परवा मी इथं होते! जात्याला टाकी लावत होते. साऱ्या गावानं मला पाहिलं."

"शब्द आला. दिले."

"कुणाला दिलेस?"

"वाटसरू नावाच्या धन्याला."

"कोण हा? दिसायला कसा होता?"

"मी तोंड बघत नाही. शब्द ऐकतो."

"मग परत आण माझे बोल! त्याच्याकडून काढून आण!"

"शंभर राव्यांनी ऐकलं," रावा म्हणाला. "दिलेलं परत फिरत नाही. मला तसं शिकवलेलंच नाही."

येसू उभी राहिली. हातातल्या नव्या बांगड्या मागे सारून तिने बोटांवर पुन्हा महिने मोजले.

तोवर दुसरी आली. तिचे बारा गेले होते. तिसरीचे सात गेले होते. एकीने चावडीच्या पायरीवर बसकण मारली ती उठेना. एकजण राव्याला पुनःपुन्हा तेच विचारत राहिली, जणू दहाव्यांदा विचारले तर उत्तर बदलेल. सूर्य कासराभर वर आला, तेव्हा गावात एकही टाकी वाजत नव्हती.

टाक्या थांबल्या म्हणून कोंडाआजी काठी टेकत बाहेर आली. तिला वाटले, कुणी मेले.

"कोण गेलं?" तिने विचारले.

"बोल गेले, आजी. सगळ्यांचे."

कोंडाआजीने येसूकडे पाहिले. येसूने नजर चुकवली नाही. म्हातारीला काय ते कळले. पण आपल्या चांदीचा शब्द तिने काढला नाही.

"चोराला तुझा शब्द कसा समजला?" तिने विचारले. "कुणाला सांगितला होतास?"

"देवाशपथ, कुणाला नाही. चारचौघांत तोंडातून निघू नये असाच शब्द धरला होता."

"आता गेलेच आहेत, तर सांग. काय होता तो?"

येसूने तोंड उघडले. मिटले. मान खाली घातली आणि पदर ओठांवर धरला.

"बरं, तू सांग," कोंडाआजी दुसरीकडे वळली.

दुसरीनेही मान खाली घालून पदर ओठांवर धरला. तिसरीनेही. चौथीनेही. म्हातारीची नजर जिच्यावर जाई, तिचा पदर वर जाई. एकतीस बायका, एकतीस पदर, आणि बोलायला एकही तयार नाही.

कोंडाआजी मधोमध उभी राहून ते पदर बघत राहिली. तिचा नवरा जाऊन चाळीस वर्षे झाली होती. चाळीस वर्षांत त्याचे नाव तिच्याही ओठांवर आले नव्हते. तिच्या हातातली काठी खाली पडली.

"अगं पोरींनो," ती म्हणाली, "ते नाव तुम्ही घेत नाही. पण ते साऱ्या गावाला ठाऊक आहे की गं!"

येसूच्या कानात सटवाचा आवाज घुमला, 'हिच्या नवऱ्याचं नाव रायाजी.' मग फेरीवाल्याचा, 'वहिनी, तुमचं नाव काय म्हणालात?' आणि मग सगळ्यांचे ते हसणे. आपल्याच दाराच्या किल्ल्या आपणच, हसत हसत, त्याच्या हातात दिल्या होत्या. एका बांगडीसाठी. एकतीस जणींनी एकाच वेळी एकमेकींकडे पाहिले आणि प्रत्येकीला दुसरीच्या डोळ्यांत तेच दिसले.

तेवढ्यात राव्याजवळून सटवाचा आवाज आला. "माझे नऊ आहेत. जाती विकून जमवलेले, नऊच्या नऊ."

"तुझे कसे राहिले?"

"त्या पळपुट्याच्या नावानं कुणीतरी मागून पाहिले म्हणे, रावा सांगतो. मी त्याचं नाव शब्द म्हणून धरीन होय? ते मनात आलं तरी मी चूळ भरते."

"मग तुझा शब्द कुठला?"

"विचारून बघ. डोक्यात जातं घालीन."

दुसऱ्या कोणत्याही दिवशी बायका हसल्या असत्या. त्या दिवशी कुणी हसले नाही. एक बाई दगड घेऊन राव्यावर धावली. कोंडाआजीने तिचा हात धरला.

"त्याला कशाला मारतेस? त्याला शिकवलं तसं तो वागला. परदेशी बोलला तेही खोटं नव्हतं. त्याला आपली रीत ठाऊक नव्हती, आणि आपण त्याला विचारलं नाही."

चार जणी राजाच्या ठाणेदाराकडे दाद मागायला गेल्या. ठाणेदार पान चघळत म्हणाला, "सरकारी नाणं गेलं असतं, तर शोध घेतला असता. रावे सरकारचे नाहीत. तुम्हीच सरकारचं नाणं टाकून त्यांच्याकडे गेलात." बायका परत आल्या. शोध कुणीच घेतला नाही. फेरीवाला पुन्हा दिसला नाही. वाटसरू नावाच्या धन्याचे बोल महिन्याभरात शंभर नावांत पांगले.

त्या संध्याकाळी येसू कोंडाआजीच्या उंबऱ्याशी उभी राहिली.

"अक्षय्य तृतीयेच्या आत," ती म्हणाली.

"कशी आणशील?"

"ते माझ्याकडे लागलं."

कोंडाआजीने 'राहू दे' म्हटले नाही. नात घरातून ऐकत होती. "बरं," म्हातारी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी येसूने राव्याला नवा शब्द दिला. तो कुठला, हे रायाजीलाही कधी कळले नाही. एखाद्या दिवशी घण पायावर पडावा आणि तोंडातून जे निघावे, तसला काही असेल. सांडणीस्वाराकडे ती परत गेली नाही, कारण चौथा हिस्सा ही रोजची चोरी होती. फाल्गुनात दोन बोल आले, चैत्रात दोन आले, वैशाख लागताच दोन आले. येताच तिने त्यांची चांदी केली.

उरले चौदा तोळे. एका जात्याला अर्धा तोळा मिळे. येसूने दर तिसऱ्या दिवशी एक जाते पुरे केले. तळहात फुटले, ते तिने तेल लावून बांधले. दगडाची धूळ डोळ्यांत जाऊन डोळे लाल झाले. ती दिवसातून एकदा नाचणीची भाकर खाई आणि उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत टाकी चालवी. नव्या बांगड्या पहिल्याच आठवड्यात दगडावर आपटून फुटल्या. तिने दुसऱ्या घेतल्या नाहीत. अठ्ठाविसावे जाते वैशाख शुद्ध प्रतिपदेला विकले गेले.

लहानांनी आणि मोठ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: आपण तोंडाने बोलत नाही म्हणून गुपित राहत नाही, जे साऱ्या गावाला ठाऊक आहे, ते कुलूप होऊ शकत नाही.

वैशाख शुद्ध द्वितीयेला, लग्नाच्या आदल्या दिवशी, येसूने वीस तोळे चांदी कोंडाआजीच्या ओटीत टाकली. म्हातारीने ती तोलली नाही. कर्ज फिटले.