घुमट आणि शेवटची ओळ

ही गोष्ट बाहेर सांगायची नाही, असं आत्याने मला बजावलं होतं. विसाजी गुरुजींच्या घरचे लोक अजून गावात आहेत, त्यांना वाईट वाटेल, असं ती म्हणते. मला मात्र वाटतं, त्यांना बरंच वाटेल. म्हणून हळूच सांगते.

खूप वर्षांपूर्वी एका गावात विसाजी नावाचे एक गुरुजी होते. त्यांची शाळा कुडाच्या पडवीत भरायची. वर गवताचं छप्पर, खाली सारवलेली जमीन आणि भिंतीपलीकडे इनामदारांची म्हैस. गुरुजी साध्या आवाजात शिकवायचे आणि मुलं शिकायची.

शाळेचं ते गवताचं छप्पर इनामदारांना बघवेना. त्यांनी दूरच्या शहरात एक घुमट पाहिला होता. तसाच आपल्या शाळेला हवा, असं त्यांनी मनात घेतलं. दोन वर्षांत दगडी शाळा उभी राहिली. गुळगुळीत चुन्याच्या भिंती, चकचकीत फरशी आणि डोक्यावर उंच घुमट.

पहिल्या दिवशी गुरुजी आत जाऊन नुसते खाकरले. घुमटही खाकरला. मग त्यांनी एक श्लोक म्हटला. तो चारी बाजूंनी परत आला, चांगला जाडजूड होऊन. आपला आवाज इतका भारदस्त आहे, हे गुरुजींना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवसापासून ते उपरणं सावरून, मान वर करून शिकवू लागले.

मुलं एकसुरात पाढे म्हणू लागली की रस्त्याने जाणारे थांबत. इनामदार पाहुण्यांना मुद्दाम ऐकायला आणत. सगळे खूश होते.

बिघडला तो फक्त शनिवार. शाळेची एक जुनी रीत होती. आठवडाभरात गुरुजींनी जे सांगितलं, ते शनिवारी प्रत्येकाने एकट्याने उभं राहून आपल्या शब्दांत सांगायचं. ओळीने तीन शनिवार ज्याला जमणार नाही, त्याने शाळा सोडून घरचं काम धरायचं. पडवीत ही वेळ कुणावर आली नव्हती. आता मात्र निम्मी मुलं मान खाली घालून उभी राहू लागली. पुढच्या दोन ओळींना जमायचं, मागच्यांना नाही. त्यांतल्या काहींना शाळा सोडावी लागली. पाढे म्हणताना हे कळायचंच नाही, कारण मागचे पुढच्यांच्या आवाजात आवाज मिसळायचे.

गुरुजींनी एकच उपाय केला. ते आणखी मोठ्याने बोलू लागले. घसा बसला तेव्हा ज्येष्ठमध चघळला आणि पुन्हा मोठ्याने बोलू लागले.

"गुरुजी, घुमट मी बांधून दिला," इनामदार एकदा म्हणाले. "आता पोरांची डोकीही मीच घडवून देऊ का?"

हे गुरुजींना फार लागलं.

शेवटच्या ओळीत, कोपऱ्यात, येसू बसायची. ती म्हाळू सणगराची मुलगी. म्हाळू घोंगड्या विणायचा. पडवीत असताना येसू पहिली यायची. इथे मात्र तिचे दोन शनिवार गेले होते. तिसऱ्या शनिवारीही ती उभी राहिली आणि गप्प राहिली.

"काय गं, पडवीत तर पोपटासारखी बोलायचीस," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, पडवीत तुम्ही बोलत होता. इथे घुमट बोलतो."

मुलं फिसकन हसली. गुरुजींचे कान लाल झाले.

"एकदा माझ्या जागी बसून बघता का?" येसूने विचारलं.

गुरुजी, तेही शेवटच्या ओळीत, पोरीच्या तरटावर? "उद्या तुझ्या बापाशीच बोलतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गुरुजी म्हाळूच्या घरी गेले. विणायचा माग आतल्या खोलीत होता. तिथे चारी भिंतींवर घोंगड्या टांगलेल्या, आढ्यालाही घोंगड्या, खाली लोकरीचा ढीग. गुरुजी बोलू लागले आणि दचकून थांबले. त्यांचा आवाज अगदीच लहान निघाला होता. साधा, घरातल्या माणसासारखा.

"बोला की गुर्जी," म्हाळू मागावरून मान न वळवता म्हणाला. "हळू बोललात तरी चालंल. हितं समदं ऐकू येतं."

"तुझ्या मुलीला शाळा झेपत नाही. उद्यापासून तिला मागावर बसव."

म्हाळूचा हात थांबला. येसू खोलीच्या पार टोकाला लोकर पिंजत होती. तिने मान वर केली.

"गुरुजी, एक बघा," ती म्हणाली आणि तिने टाळी वाजवली. टाळी वाजली आणि विझली. "शाळेत मी अशीच टाळी वाजवून बघितली. पाच मोजेपर्यंत ती मरतच नाही. तुम्ही एक शब्द बोलता, तो संपायच्या आत दुसरा त्याच्या अंगावर येऊन पडतो. मागच्या ओळीत नुसता शब्दांचा ढीग पोचतो. तुम्ही मोठ्याने बोलला की ढीग मोठा होतो."

गुरुजींनी आधी स्वतः एक टाळी वाजवून बघितली. मग त्यांनी या आठवड्याचा धडा, नदी वळण का घेते तो, हळू आवाजात एकदा सांगितला. येसूने तो तिथूनच, लोकर पिंजता पिंजता, आपल्या शब्दांत परत सांगितला. वर एक प्रश्नही विचारला. त्याचं उत्तर गुरुजींना येत नव्हतं.

ते तिला आणि म्हाळूला घेऊन तडक शाळेत गेले. येसू त्यांच्या जागी उभी राहिली. गुरुजी तिच्या तरटावर मांडी घालून बसले. ती तोच धडा बोलू लागली. गुरुजींनी कान टवकारले, मग डोळे मिटले, मग पुढे वाकले. त्यांना एक मोठी गुणगुण ऐकू आली. त्यात नदी कुठेच नव्हती.

ते तिथेच बसून बोटं मोजू लागले. या जागेवरून त्यांनी किती मुलांना घरी पाठवलं होतं, हे मोजत असावेत.

"म्हाळू," शेवटी ते म्हणाले, "तुझ्याकडे किती घोंगड्या आहेत?"

बुधवारी इनामदार पाहुण्यांना घेऊन आले. पाहतात तर भिंतींवर काळ्या घोंगड्या, फरशीवर घोंगड्या, घुमटाखाली दोर बांधून त्यावरही घोंगड्या. मुलांनी पाढे म्हटले. ते मुलांनी म्हटल्यासारखेच ऐकू आले. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले.

"ही शाळा आहे की मेंढरांचा वाडा?" इनामदार कडाडले. पण घोंगड्यांनी ते कडाडणंही गिळून टाकलं. "गुरुजी, तुमचा तो आवाज कुठे गेला?"

गुरुजींनी उपरणं काढून हातात घेतलं. शाळा इनामदारांची होती, गुरुजींचं राहतं घरही इनामदारांचंच होतं.

"शेवटच्या ओळीत गेला, सरकार," ते म्हणाले. "इतके दिवस तो वर घुमटात जायचा. मलाही तो तिथेच आवडायचा. चूक माझी होती. आपण तिथे कोपऱ्यात जरा बसावं आणि मग मला काढायचं तर काढावं."

इनामदार बसले नाहीत, पण चालत कोपऱ्यापर्यंत गेले. गुरुजींनी फळ्याजवळून अगदी हळू विचारलं, "येसू, नदी वळण का घेते?" येसूने उत्तर दिलं. इनामदारांनी दोघांचाही शब्द न् शब्द ऐकला. मग त्यांनी वर बघितलं.

"घुमट दिसत नाही आता," ते पुटपुटले. मग खाली तरटाकडे बघून म्हणाले, "इथे मात्र एक घोंगडी कमी आहे. पोर नुसत्या तरटावर बसते. ती माझ्याकडून."

त्याच संध्याकाळी घरी पाठवलेल्या प्रत्येक मुलाला परत बोलवायला गुरुजी स्वतः त्याच्या दारात गेले.

तात्पर्य: समोरच्याला मठ्ठ म्हणण्याआधी त्याच्या जागी बसून ऐकावं, आपला आवाज किती घुमतो यापेक्षा तो शेवटच्या ओळीपर्यंत पोचतो का, हे बघावं. आणि खरं सांगायचं तर येसूची, म्हणजे आमच्या पणजीची, ती घोंगडी अजूनही आमच्या घरी, आत्याच्या... हो आत्या, आले, कुणाला काही सांगत नव्हते, मी फक्त...