हौसाच्या मडक्यातले खडे

ही गोष्ट मला आठवते तशीच घडली, असं मी शपथेवर सांगू शकणार नाही. नदीचं नाव तांबरी होतं, हे बहुधा बरोबर आहे. मडक्यातल्या खड्यांचा आकडा मात्र माझ्या तोंडी दर वेळी बदलतो, म्हणून तो इथे देत नाही.

तांबरीच्या घाटावर हौसा भोईण नाव चालवायची. वल्हवण्यात तिला तोड नव्हती. खोड एकच. कोणी तिला वल्हं कसं मारावं हे शिकवू लागलं, की ती त्याला पाण्यात ढकलायची. असे बरेच जण भिजले. शेवटी राज्याचा जकातदार भिजला, आणि हौसाला दोन वर्षांची कैद झाली.

न्यायाधीश वयस्कर होते. ते म्हणाले, "तुरुंगात नाव नाही. तिथे तू काय शिकणार? वर्षभर मोकळी राहा. मागे शिपाई लावत नाही, शिकवायला गुरू देत नाही. राग आला की तुझी तूच तीन प्रश्न विचार. काय झालं? मनात काय आलं? आणि दुसरं काय असू शकेल? उत्तर सापडून माणूस कोरडा उतरला, की मडक्यात एक खडा टाक. एक जरी भिजला, तर दोन वर्षं आत."

वर्ष सरलं. हौसा भरलेलं मडकं घेऊन दरबारात आली.

राजे उदाजीरावांनी एक खडा उचलून पाहिला. "नदीकाठी खड्यांना काय तोटा? एका दुपारी भरलं असशील."

"लोकांना विचारा, महाराज. वर्षभर कोणी भिजलं नाही."

"भीतीनं गप्प बसली असशील. आतून बदललीस ते कशावरून? जे घडलंच नाही, असं एक ढकलणं मला आणून दाखव. उद्या दुपारपर्यंत. नाहीतर दोन वर्षं."

न्यायाधीशांनी मान खाली घातली. दिवाण हळूच म्हणाले, "महाराज, हे कोणालाच जमायचं नाही."

"म्हणून तर सांगितलं."

दुसऱ्या दिवशी हौसा रिकाम्या हातांनी आली.

"कुठे आहे?" राजांनी विचारलं.

"आणावं लागलं नाही, जी. इथेच बसलंय."

"कुठे?"

"सिंहासनावर."

सगळे दरबारी सिंहासनाकडे बघू लागले.

हौसा म्हणाली, "फाल्गुनात महाराज शिकारीला निघाले, ते माझ्या नावेतून. मला ओळखलं नसेल. नावाडणीकडे कोण बघतंय? पण अर्ध्या नदीत जाईपर्यंत वल्हं कसं धरावं हे महाराजांनी सहा वेळा सांगितलं."

"बरं. मग?"

"पहिला प्रश्न झाला. मनात काय आलं, तर ह्यांना ढकलावं."

"मला?"

"तुम्हालाच. एक हात मोकळाही केला होता. मग तिसरा प्रश्न विचारला. दुसरं काय असू शकेल?"

"काय निघालं?"

"ते कानात सांगते, महाराज."

"दरबारापासून मी काही लपवत नाही. बोल."

"महाराजांना पोहता येत नाही."

दिवाणांनी छताकडे पाहिलं. राजांचा चेहरा हलला नाही. "हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. वल्हं असं धर, तसं धर, हे माणूस हात करून दाखवतो. तुम्ही एकदाही दाखवलं नाही. दोन्ही हात नावेची कड सोडत नव्हते. म्हटलं, हे शिकवत नाहीत, घाबरलेत. घाबरलेल्या माणसाला ढकलून काय करायचं? मग जोर लावला आणि नाव लवकर तीराला लावली. उतरताना तुम्ही म्हणालात, 'बाई, बरी वल्हवतेस.'"

राजांनी कालपासून दरबारातच राहिलेल्या मडक्याकडे पाहिलं.

"मडक्यात माझा खडा कोणता?"

"सगळ्यांत मोठा."

तेव्हा राजे हसले. मुकुट सावरावा लागेल इतके हसले, आणि ते हसल्यावर दिवाणही छताकडून खाली आले. हौसाची शिक्षा माफ झाली, तांबरीचा घाट तिच्या नावे झाला. तो मोठा खडा राजांनी मागून घेतला आणि सिंहासनाच्या हातावर ठेवला.

बऱ्याच वर्षांनी एका फाल्गुनात मी त्या घाटावर गेलो. खात्री करावी म्हणून भर नदीत बांबू घालून पाहिला. पाणी माझ्या कमरेइतकं होतं.