न्हाणीतला वायसर

माणसं हौसेनं घरीच बिअर बनवू लागली, तेव्हाची गोष्ट. अशाच एका घरी बिअरचं पाणी उकळायच्या हंड्याच्या पितळी तोटीमागे न्हाणीतल्या नळाचा रबरी वायसर बसवला होता.

"तोटीबाई, मला उकळी सोसणार नाही. मालकाला सांगा, सिलिकॉनचा वायसर आणा. निदान कोपऱ्यातला तो पत्रा ज्वाळा आणि आपल्या मध्ये लावा."

"न्हाणीतून उचलून इथं बसवलं, ते उपकार विसरलास?" तोटी चकाकत म्हणाली.

शेगडी भडकली, ज्वाळा तोटीपर्यंत चढल्या. वायसर भाजला, भेगाळला, तरी तुटेपर्यंत त्यानं थेंब गळू दिला नाही. मग हंडाभर बिअर जमिनीवर गेली.

कचऱ्याच्या डब्यातून त्याला तोटीचा आवाज ऐकू आला. न्हाणीतल्याच दुसऱ्या वायसरला ती सांगत होती, "आधीचा कामचुकार होता रे. तू गुणी दिसतोस."

पत्रा कोपऱ्यातच उभा होता.