मूळ धरलेली आई

दूर उगवतीला, जिथे सूर्य आपल्या आधी तोंड धुऊन तयार होतो, त्या जपान देशात डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाच्या टोकाला गवती छपराची एक झोपडी होती आणि झोपडीत चिगुसा नावाची मुलगी आईच्या उशाशी बसलेली होती. चिगुसाला बाबा नव्हते. आई होती, पण तीही आता असून नसल्यासारखी झाली होती. थंडी सुरू झाली तेव्हा तिला खोकला लागला, बर्फ पडायला लागला तेव्हा तिने अंथरूण धरलं, आणि बर्फ वितळायला लागला तरी बाई काही उठेना.

चिगू भाताची पेज करायची. पेज कसली, पाणीच ते. आई दोन घोट घ्यायची आणि वाटी सरकवून म्हणायची, "बास गं चिगू. उरलेली तू घे."

"माझं झालंय मघाशीच," चिगू म्हणायची, आणि बाहेर जाऊन नुसतं गार पाणी प्यायची. असं खोटं बोलणाऱ्या मुलीला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आईचं नाव हात्सुए. तिच्या हातात मोठी कला होती. त्या गावात बाहुल्यांचे खेळ व्हायचे, आणि त्या बाहुल्यांच्या किमोनोंवर हात्सुए रेशमाने फुलं भरायची. कुठलंही फूल कुठेही नाही हं. त्या देशात फुलांना बोली असते. प्रत्येक फूल काहीतरी म्हणतं. निळं किक्यो म्हणतं, मी शब्दाला जागेन. म्हणून ते खऱ्या मनाच्या वीराच्या बाहीवर. अजिसाईचा गुच्छ आज निळा, उद्या गुलाबी. म्हणून तो घडीघडी मन बदलणाऱ्या राजपुत्राच्या पाठीवर. बर्फात फुलणारं उमे सोसणाऱ्या म्हातारीच्या पदरी. पडदा सरकायचा, बाहुली पाऊल टाकायची, आणि ती तोंड उघडण्याआधीच पोरं ओरडायची, "हा लबाड आहे बरं का!"

चिगू याच फुलांवर वाढली होती. तिला वाटायचं, माणसांचंही असंच असतं. एक माणूस, एक फूल, एक स्वभाव. शेजारच्या तोकूआजी सारख्या डाफरायच्या, म्हणून चिगूने त्यांना काटेरी फूल देऊन टाकलं होतं. फक्त आईला कुठलं फूल द्यावं ते तिला कधी ठरवता आलं नाही.

आता आईची सुई गंजायला आली होती. एका सकाळी आई इतका वेळ खोकली की तिचे ओठ निळे पडले. चिगूने तिच्या पायांना हात लावला तर पाय बर्फासारखे. मग मात्र तिच्याच्याने राहवेना. ती उठली आणि डोंगरावरच्या रानात चालत सुटली. कुठे जायचं ते तिला ठाऊक नव्हतं. रडायला कुठेतरी जायचं, एवढंच.

रानाच्या पोटात, देवदारांच्या मागे, तिला एक बाग दिसली. आणि काय बाग ती! वसंतातली, पावसाळ्यातली, हिवाळ्यातली सगळी फुलं एकाच वेळी फुललेली. जांभळे झुबके, पिवळ्या वाट्या, केशरी तुरे, आणि प्रत्येक पाकळीवर एकेक चमचमता थेंब. अशा ठिकाणी चिगू एका दगडावर बसली आणि हमसून हमसून रडली. सुंदर जागी रडू जास्तच येतं.

"माझ्या फुलांवर खारं पाणी नको गं, बाळ," कुणीतरी हळूच म्हणालं.

एका पाकळीवर बोटाएवढी परी उभी होती. अंगात धुक्याचा झगा, इवल्याशा पंखांवर सोन्याची धूळ, आणि पायात काहीच नाही.

चिगूने डोळे पुसले. आधी तिने वाकून नमस्कार केला, कारण रडत असलं तरी वळण जात नाही. "परीताई, माझी आई जाणार आहे. मला तिच्यासाठी एक फूल द्याल?"

"देईन की. पण माझ्या बागेचे नियम ऐक. फूल जे बोलतं तेच करतं, ना कमी ना जास्त. देताना त्याचा शब्द मोठ्याने म्हणायचा, आणि म्हटलेला शब्द परत घेता येत नाही. आणि इथलं फूल तोडायचं नाही. न्यायचं तर मुळासकट."

चिगूला फार शोधावं लागलं नाही. बर्फ फोडून वर येणारं फुकुजुसो तिला लगेच दिसलं, पिवळंधमक, उन्हाच्या थेंबासारखं. त्याचा शब्द तिथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतो: दीर्घायुष्य. तिने मातीसकट ते ओंजळीत घेतलं आणि धावत घर गाठलं. एका टवका उडालेल्या पेल्यात लावलं, आईच्या उशाशी ठेवलं, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "दीर्घायुष्य!"

झोपडीभर सोनेरी उजेड पसरला. आईचा खोकला थांबला. गालांवर रंग आला. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "चिगू, भूक लागलीय गं."

चिगू आनंदाने नाचली, आणि मीही ही गोष्ट इथेच संपवली असती. पण आई उठायला गेली आणि तिला उठताच येईना. हात हलत होते, मान हलत होती, पण कमरेखाली ती जणू जमिनीला शिवलेली होती.

तेवढ्यात तोकूआजी मुळ्याची भाजी घेऊन आल्या. पेला बघितला आणि त्यांच्या हातातलं भांडंच निसटलं. "अगं बये, कुंडीतलं फूल आजाऱ्याच्या उशाशी? तुला कुणी सांगितलंच नाही?"

खरंच, कुणी सांगितलं नव्हतं. एरवी आईने सांगितलं असतं, पण आईच आजारी होती. त्या देशाच्या भाषेत झाडाने मूळ धरणं आणि माणसाने अंथरूण धरणं, दोन्हीला 'नेत्सुकु'च म्हणतात. म्हणून आजाऱ्याकडे जाताना तिथे कुणी मुळाचं झाड नेत नाही. मूळ नेलं की आजारी माणूस अंथरुणातच मूळ धरतो, असं ते मानतात. इतरांच्या घरी हा नुसता अपशकुन. पण परीच्या बागेतलं फूल ते, शब्दाचं पक्कं. चिगूच्या आईने खरंच मूळ धरलं होतं.

"मग मी उपटून टाकते," परीची सगळी हकीकत सांगून चिगू म्हणाली.

"दीर्घायुष्य म्हणालीस ना त्याला? ते उपटशील तर हिचं आयुष्यच उपटशील," तोकूआजी म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्या डाफरल्या नाहीत.

आता सांगा, काय करायचं त्या पोरीने? आई जगणार होती. खूप जगणार होती. पण तिथेच, त्या चटईवर, छताकडे बघत.

वसंत आला. बाहेर चेरीच्या झाडांना गुलाबी धुमारे फुटले आणि आई म्हणाली, "दार लाव चिगू, मला बघवत नाही." बाहुलीवाले किमोनो घेऊन आले तर तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. बसता येत नाही तर भरतकाम कसलं करणार? ती रागावत नव्हती, हेच वाईट. चिगूने विचारलं, "आई, माझ्यामुळे झालं ना?" तर म्हणायची, "छे गं. तू तर मला वाचवलंस." आणि चिगूला वाटायचं, त्यापेक्षा एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

कधीकधी चिगूच्या मनात येई, असू दे. आई आहे ना? जवळ आहे ना? कुठे जाणारही नाही. पण एकदा ती विहिरीवरून परतली, तेव्हा फटीतून तिला दिसलं: आई दोन्ही हातांनी जमिनीला रेटा देऊन उठायचा प्रयत्न करत होती. नखं तुटली होती. आवाज होऊ नये म्हणून तिने बाही दातांत धरली होती. चिगूने बादली तिथेच ठेवली आणि ती पुन्हा रानात गेली.

परी तिची वाटच बघत असावी. "मी मुळासकट ने म्हटलं होतं, बाळ. उशाशी ठेव असं नव्हतं म्हटलं. दाराबाहेर लावायचं होतं."

"चुकलं माझं. आता आई सुटेल असं काही आहे?"

परीने बागेच्या अगदी कडेला बोट दाखवलं. तिथे एकही पान नसलेला उंच दांडा होता आणि त्यावर लालभडक, बारीक बारीक, वळलेल्या पाकळ्यांचं फूल. हिगानबाना. स्मशानाच्या वाटेवर फुलणारं. त्याची पानं फुलं गळल्यावर येतात, त्यामुळे फुलाने पान कधी पाहिलेलं नसतं आणि पानाने फूल. बाहुल्यांच्या खेळात ज्याच्या किमोनोवर ते दिसायचं, तो जाणार, परत दिसणार नाही, हे कळून आयाबाया आधीच बाही डोळ्यांना लावायच्या.

"याचा शब्द ताटातूट," परी म्हणाली. "अंगणात लाव आणि शब्द म्हण. तुझ्या आईची अंथरुणापासून ताटातूट होईल. पण फूल निवडानिवड करत नाही, चिगुसा. अंथरुणात ती ज्याला सगळ्यात घट्ट धरून आहे, त्याच्यापासूनही होईल."

"म्हणजे माझ्यापासून?"

परीने मान डोलावली. तिच्या पंखांवरची धूळ फिकी पडली होती.

चिगू घरी आली. तिने पेज केली, आईला भरवली, तिचे केस विंचरले, आणि तिच्या कुशीत डोकं ठेवून खूप वेळ पडून राहिली. आईला वाटलं, पोर दमली. मग चिगू उठली, अंगणात गेली, दाराबाहेर फूल लावलं आणि म्हणाली, "ताटातूट." तिचा आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा मोठ्याने म्हणावं लागलं.

ती आत धावली तर अंथरूण रिकामं. पांघरुणाची घडी आपोआप होत होती. "आई," तिने हाक मारली. कुणी ओ दिली नाही.

तोकूआजी दारात आल्या आणि थबकल्या. "हात्सुए, अगं तू चालतेस?" असं म्हणून त्या हवेकडे बघून हसल्या, मग चिगूकडे वळल्या, आणि त्यांचं हसू जागच्या जागी विरलं. "चिगू, ती तुझ्यासमोरच उभी आहे. तुला हाका मारतेय गं. तुला दिसत नाही?"

दिसत नव्हतं. ऐकूही येत नव्हतं. एकाच घरात दोघी राहू लागल्या आणि दोघींना घर रिकामं. चिगूने पेज केली की अर्धी संपलेली असे. सकाळी तिच्या फाटक्या बाहीला टाके घातलेले असत. ती हवेत हात फिरवायची, हाताला काहीच लागायचं नाही. तोकूआजी दिवसभर इकडचं तिकडे सांगून थकायच्या. "ती विचारतेय, जेवलीस का. सांग बाई लवकर, मला माझीही चूल आहे." असं म्हणायच्या आणि नाक पुसायच्या. चिगूने त्यांना दिलेलं काटेरी फूल केव्हाच परत घेतलं होतं.

उन्हाळा गेला. चिगू हळूहळू बोलेनाशी झाली. आई चालते आहे, किमोनो भरते आहे, हे तोकूआजींच्या तोंडून कळायचं, आणि तेवढ्यावर ती दिवस काढायची. मी हे केलं ते बरोबरच केलं, असं ती स्वतःला सांगे, आणि सांगता सांगता तिला रडू येई.

मग एके दिवशी गावातल्या बायका कुदळ घेऊन अंगणात आल्या. दारात हिगानबाना म्हणजे घराला आग, असं तिकडे म्हणतात. त्या उपटायला वाकल्या आणि तशाच मागे सरल्या.

"काय झालं, आजी?" चिगूने विचारलं.

"तुझी आई फुलाला मिठी मारून बसलीय. उपटू देत नाही."

"काय म्हणतेय?"

तोकूआजी एकेक शब्द सांगू लागल्या. "म्हणतेय, हे माझ्या लेकीने दिलंय. याच्याकडे बघितलं की मला तीच आठवते, दुसरं कुणी नाही. म्हणतेय, ती मला भेटेल. परत भेटेल, बघाच तुम्ही."

तशी अंगणात सोनेरी धूळ उडाली. फुलाच्या वळलेल्या पाकळीवर परी उभी होती, आणि ती रडत होती.

"बाहुलीला एकच स्वभाव असतो, म्हणून तिच्या फुलाला एक शब्द पुरतो," ती चिगूला म्हणाली. "पण या फुलाला आणखी शब्द आहेत. मनात फक्त तूच. आणि, पुन्हा भेट. मला ते आधी सांगायची परवानगी नव्हती, माणसानेच ते म्हणावे लागतात. सगळे या फुलाला भिऊन पळतात गं. त्याच्याजवळ बसून कुणी असं बोललंच नव्हतं. शब्द परत घेता येत नाही, पण ज्याला फूल दिलं तो त्यात आपला शब्द घालू शकतो. आपलं सुख सोडून दुसऱ्याला चालतं करणाऱ्या पोरीसाठी माझ्याकडे याहून मोठं बक्षीस नाही."

तिने पंख मिटले. लाल, सोनेरी, पांढरा असा लखलखीत प्रकाश फुलातून उसळला, अंगणभर, छपरावर, तोकूआजींच्या सुरकुत्यांवर पसरला. त्या प्रकाशातच परी विरघळून गेली.

चिगूने डोळे चोळले. फुलाभोवती आधी दोन हात दिसले, रेशमाचा धागा अडकलेले. मग बाही. मग खांदा. मग आईचा चेहरा, जो नेमका तिच्याकडेच बघत होता.

किती बोलायचं साठलं होतं, आणि शेवटी आई काय म्हणाली माहीत आहे?

"अगं, केवढी उंच झालीस तू."

चिगूला जशी तिची आई दिसली, तशी वाट बघणाऱ्या प्रत्येकाला त्याची त्याची आई दिसो. एवढंच मागणं, आणि इथेच थांबणं.