चोरून न्यायचा वेल

मुलांनो, आपल्या घरी चोरी व्हावी म्हणून मुद्दाम दार उघडे ठेवणारी माणसे तुम्ही कधी पाहिली आहेत का?

घाटमाथ्यावरच्या एका गावात अशी माणसे राहत होती. ते गाव फार थंड. हिवाळ्यात सकाळी धुके उतरायचे, ते दुपारपर्यंत हलायचे नाही. अंगणातली तुळससुद्धा काळी पडायची. म्हणून तिथले लोक थंडी लागण्याआधीच कुंड्या घरात घेत आणि खिडक्यांत मांडत. बाहेर सगळे करडे झाले, तरी घरात चार हिरवी पाने असली की मन थाऱ्यावर राहते, असे ते म्हणत.

त्या गावात वेणूकाकू नावाच्या बाई एकट्या राहत. त्यांचे गुडघे धरलेले होते, त्यामुळे थंडीत बाहेर जाणे बंदच. पण त्यांची पूर्वेची खिडकी बघायला माणसे वाट वाकडी करून येत. खिडकीत पसरट कुंडीतला वड होता. उंची जेमतेम हातभर, पण पारंब्या अगदी मोठ्या वडासारख्या. वामनवृक्ष म्हणतात त्याला. आणि खिडकीच्या चौकटीवरून मनीप्लांटचा भरदार वेल फिरवलेला होता. दोन्ही झाडे काकूंच्या यजमानांनी लावलेली. यजमान जाऊन बरीच वर्षे झाली होती. काकू रोज ओल्या फडक्याने एकेक पान पुसत आणि झाडांशी बोलत. आज भाजी अळणी झाली, हेसुद्धा त्यांना सांगत. तेवढा वेळ गुडघ्यांचे दुखणे विसरायला होई.

त्या वेलाचा तुकडा मात्र त्या कुणाला देत नसत. "ह्यांच्या हातचा वेल आहे. त्याला कात्री लागायची नाही," असे म्हणत.

शेजारी गोदाबाई राहत. त्या वर्षी त्यांच्याकडे मालन नावाची नवी सून आली. ती खानदेशातली, उन्हात वाढलेली. इथल्या पहिल्याच हिवाळ्यात तिचा चेहरा उतरला. दिवसच्या दिवस ऊन दिसेना, माहेर आठवे, घास घशाखाली उतरेना. एकदा काकूंच्या खिडकीसमोर ती कितीतरी वेळ उभी राहिली. मग धीर करून आत गेली.

"काकू, या वेलाचं एक पेर द्याल का? मला बघायला काहीतरी हिरवं हवंय."

"बघायचं तर इथं येऊन बघ," काकू म्हणाल्या. "तोडायचं नाव काढू नकोस."

मालन हिरमुसून घरी आली. गोदाबाईंनी सगळे ऐकले आणि कपाळाला हात लावला.

"अगं वेडे, मागितलास? हा वेल मागून लागत नाही. तो चोरून आणायचा असतो!"

त्या भागात सगळेच तसे मानत. मालननेही ते खरे धरले. पुढच्या दिवशी ती काकूंना वाटीभर गरम कढी द्यायला गेली. शेजारणीची वाटी रिकामी परत द्यायची नाही, म्हणून काकू तिच्यात काहीतरी घालायला स्वयंपाकघरात वळल्या. तेवढ्यात मालनने एक पेर खुडले आणि पदरात लपवले.

संध्याकाळी पाने पुसताना काकूंना ताजी खूण दिसली. त्यांनी गल्ली डोक्यावर घेतली.

"माझ्या घरात येऊन चोरी करते! कोण आहे ती चोरटी? समोर ये म्हणावं!"

भिंतीपलीकडे मालनने दोन्ही कानांवर हात ठेवले.

काकूंनी त्याच दिवशी वेल चौकटीवरून उतरवला. वेल आणि वड दोन्ही माजघरात नेले, तिथे खिडकी नव्हती. दाराला कुलूप लावले आणि किल्ली कमरेला खोवली. झाडांना थंडी वाजू नये म्हणून शेगडी ठेवली. आपण त्यांना अंधारात टाकले याची टोचणी लागली, तेव्हा त्या वरचेवर पाणी घालू लागल्या. ऊब आणि पाणी मिळाले, आता आणखी काय हवे, असे त्यांना वाटले. पण झाडांना उजेड हवा होता. पाने पिवळी पडली. पिवळी पडली म्हणून काकूंनी आणखी पाणी घातले. मुळे कुजली. एका सकाळी फडके लावताच वेल देठापासून हातात आला. वडाची पाने तर आधीच गळून गेली होती.

काकूंनी अंथरूण धरले. दारातले दूध दारातच राहू लागले. गल्लीतून कुणी हाक मारली तर ओ येईना.

इकडे मालनचे पेर खिडकीतल्या बाटलीत रुजले होते. आधी पांढरी मुळे फुटली, मग कोवळे पान आले. मालन सकाळी उठल्याउठल्या आधी ते पान बघायची आणि मग चहा ठेवायची. हळूहळू तिला भूक लागू लागली. शेजारणी गप्पा मारायला यायच्या आणि जाताना एखादे पेर खुडून न्यायच्या. मालन तेवढ्यापुरती काकूंच्या बाजूच्या भिंतीकडे बघायची. असा तो वेल घराघरांत पोचला.

काकूंचे वर्तमान कळले तेव्हा मालन हातातले काम टाकून उठली. "सांगितलं तर त्या मला जन्मभर चोर म्हणतील," ती सासूला म्हणाली.

"आणि नाही सांगितलंस तर?" गोदाबाईंनी विचारले.

मालनने चप्पल घातली. गोदाबाईही तिच्या मागोमाग निघाल्या.

काकू भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. "काकू, ती चोरटी मीच," मालन म्हणाली. "कढी घेऊन आले होते ना, तेव्हा खुडलं." एवढे बोलून ती रडू लागली.

काकूंनी मान वळवली.

"जगलं का गं?"

"जगलं, काकू. गल्लीभर जगलंय."

काकू उठून बसल्या. "मग मला दे त्यातलं थोडं."

मालन लगेच निघाली, पण गोदाबाईंनी तिचा हात धरला. "द्यायचं नाही! दिलेलं लागत नसतं. वेणूवहिनी, तुम्हाला चोरूनच न्यावं लागेल."

"मी चोरी करू? या वयात? या गुडघ्यांनी?"

"गुडघ्यांनी नका करू. हातांनी करा."

काकूंना हसू आले नाही. "जिला गल्लीभर चोर म्हटलं, तिच्याच घरी मी चोरी करायला जाऊ? मला लाज नाही का?"

"तुमची मर्जी," गोदाबाई म्हणाल्या आणि सुनेला घेऊन गेल्या.

काकू एकट्या राहिल्या. एकीकडे लाज होती, दुसरीकडे यजमानांच्या हातचा वेल. दुपारी त्यांनी तोंड धुतले, नीटनेटके लुगडे नेसले, पदराखाली कात्री घेतली आणि काठी टेकत शेजारच्या घरी गेल्या.

दार सताड उघडे होते. गोदाबाई ओट्यावर पांघरूण घेऊन मोठमोठ्याने घोरत होत्या, आणि एक डोळा उघडून बघतही होत्या. आत मालन रिकामीच भांडी आपटत होती. काकू खिडकीपाशी गेल्या. या वेलाला त्यांनी आजवर कधी कात्री लावली नव्हती. शेवटी डोळे मिटून त्यांनी एक पेर कापले. डोळे उघडले तेव्हा वेल पहिल्यासारखाच डुलत होता.

"मालन," त्या आतल्या आवाजाकडे बघून म्हणाल्या, "तू मागितलंस तेव्हाच द्यायला हवं होतं गं मी."

"मी काहीच पाहिलं नाही हं, काकू!" आतून उत्तर आले.

त्या बाहेर पडल्या तर समोरची सोनारीण दारातून ओरडली, "काकू, आमच्याकडची पानं जास्त मोठी आहेत! आम्ही सगळी मागच्या खोलीत बसतो, या तुम्ही!"

"आणि आमच्या घरी चोरी कधी?" पलीकडून कुणीतरी विचारले. काकूंनी वर पाहिले. गोदाबाईंनी आधीच सगळ्यांना सांगून ठेवले होते. गल्लीतले एकेक दार उघडे होते, आणि एकेका खिडकीत त्यांचाच वेल होता. त्या वर्षीच्या हिवाळ्यात काकू पहिल्यांदा हसल्या. इतक्या हसल्या की काठी धरून उभे राहावे लागले.

घरी येऊन त्यांनी पेर बाटलीत लावले आणि माजघराचे कुलूप काढले. वड खिडकीत आणला, नखाने त्याची साल किंचित खरवडून पाहिली. आत अजून हिरवे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन उशिरानेच आले. ते वडावर आणि वेलाच्या बाटलीवर पडले, तेव्हा वेणूकाकू घरात नव्हत्या. त्या सोनारणीकडे चोरी करायला गेल्या होत्या.

तात्पर्य: जे आपल्याला जिवापाड आवडते, त्यातले थोडे दुसऱ्याच्या घरीही वाढू द्यावे. आपल्याकडचे वाळले तरी ते तिथे जगते, आणि ते आणायला जाताना माणसेही भेटतात.